आधी कान, मग तार

१. ही तार कसली?

गच्चीवर अँटेना बांधल्यापासून दर संक्रांतीला मला तोच प्रश्न ऐकू येतो. पतंग घेऊन वर आलेली मुलं विचारतात, "काका, ही तार कसली? कपडे वाळत घालायची?" पाण्याच्या टाकीशेजारी उभ्या केलेल्या पाइपाच्या टोकाला मधोमध बांधलेली आणि तिथून दोन बाजूंना उतरत गेलेली काळी तार, त्या मध्यावरून खाली आलेली जाड केबल, एवढंच त्यांना दिसतं. ही हॅम रेडिओची अँटेना आहे असं सांगितलं की त्यांचे आईबाबा विचारतात, "मोबाइल असताना हे कशाला?" मुलांचा पुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो. "एवढी लांब का? आणि एवढीच का?"

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. मोठ्यांच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं. तुम्ही नाशिकच्या पंचवटीत आणि तुमचा मित्र रामकुंडाच्या पलीकडच्या काठावर असलात, तरी तुमचे मोबाइल एकमेकांशी थेट बोलत नाहीत. तुमचा आवाज आधी टॉवरवर जातो, तिथून कंपनीच्या यंत्रणेत आणि मग परत टॉवरवरून मित्राकडे. टॉवरची वीज गेली, जमिनीतली केबल तुटली किंवा एकाच वेळी लाखभर लोकांनी फोन कानाला लावले, की दोघेही मुके. हॅम रेडिओत मधे कुणीच नसतं. एका घरातला संच, एका घरातली तार, आणि तिकडेही तसंच.

हे बोलणं हौशी आहे, पण मोकाट नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातल्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेलं कुणीही ती देऊ शकतं. परवाना मिळाला की एक कॉल साइन मिळते, म्हणजे हवेतलं आपलं नाव. भारतातल्या हॅमच्या कॉल साइनची सुरुवात साधारणपणे व्हीयू टू किंवा व्हीयू थ्री अशी होते. या परवान्यावर धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत, भाषणं द्यायची नाहीत आणि सांकेतिक भाषेत गुपितं पाठवायची नाहीत. ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी मागवून परवान्याशिवाय बटण दाबणं हा गुन्हा आहे. हे मी मुद्दाम आधीच लिहितो, कारण बऱ्याच मुलांची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. तारेची लांबी कळायची तर आधी लाटेची लांबी कळायला हवी.

२. मीटर आणि मेगाहर्ट्झ

आजोबांच्या रेडिओची काच आठवा. तिच्यावर २५, ३१, ४१ मीटर असे आकडे छापलेले असायचे. रेडिओ सिलोन ऐकणाऱ्यांना ते आकडे तोंडपाठ होते. ते मीटर म्हणजे लाटेची लांबी, एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर. एका सेकंदात अशा किती लाटा जातात तो आकडा म्हणजे वारंवारिता. सेकंदाला १० लाख लाटा म्हणजे १ मेगाहर्ट्झ.

रेडिओची लाट सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर धावते. त्यामुळे हिशेब अगदी सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, मीटर मिळतात. ३०० ला मीटरने भागा, मेगाहर्ट्झ मिळतात.

आपल्याच इतिहासातलं एक उदाहरण घेऊ. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक दिली गेली, नेते तुरुंगात गेले आणि मुंबईत उषा मेहता व त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. भारतातून कुठूनतरी, ४२.३४ मीटरवरून बोलत असल्याची घोषणा त्या करत. ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०८५ मेगाहर्ट्झ. आज भारतीय हॅमसाठी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा जो पट्टा राखलेला आहे, ज्याला आम्ही '४० मीटर' म्हणतो, नेमकी त्यातलीच ही जागा. सकाळी चहा घेताना मी ज्या पट्ट्यावर ओळखीचे आवाज शोधतो, तिथेच ८० हून अधिक वर्षांपूर्वी जीव मुठीत धरून, जागा बदलत, काही तरुण माणसं बोलत होती. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी त्यांना गाठलं आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. दुसरं महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले होते. हवेत बोलणाऱ्या एकट्या माणसाची सरकारला केवढी धास्ती वाटत होती, हे त्यावरून कळतं.

काँग्रेस रेडिओच्या खटल्यातल्या आरोपींमध्ये शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने होते. सभांना लाउडस्पीकर पुरवणारी हीच ती कंपनी. याच मोटवाने घराण्याचा कारखाना आपल्या नाशिक रोडला आहे आणि तिथलं मल्टीमीटर रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी वापरलं. माझ्या टेबलावरही एक आहे. तारेला कुठे जोड सुटलाय का, हे आजही मी त्याच्याच काट्यावर बघतो.

३. झोका आणि तार

झाडाला बांधलेल्या झोक्याला त्याचा स्वतःचा ठेका असतो. त्या ठेक्यात हलका धक्का देत राहिलात, तर लहान पोरही मोठ्या माणसाला उंच नेतं. ठेका चुकवून धक्के दिले तर नुसते हात दुखतात. झोक्याचा ठेका ठरतो दोराच्या लांबीवरून.

तारेचंही असंच आहे. संच तारेत वीज ढकलतो आणि पुन्हा ओढतो, सेकंदाला ७० लाख वेळा. ती वीज तारेच्या टोकापर्यंत जाऊन परत येते. ती परत येण्याची वेळ आणि पुढच्या धक्क्याची वेळ जुळली, की थोड्या ताकदीत तार जोरात 'झुलते' आणि लाटा बाहेर पडतात. हे जुळतं तारेची लांबी लाटेच्या निम्मी असताना. अशी अर्ध्या लाटेची तार मधोमध कापून तिथे केबल जोडली की झाली डायपोल. सगळ्या अँटेनांची ही आई, असं मी मानतो. ती नीट समजली की बाकीच्या समजायला वेळ लागत नाही.

लाटेची निम्मी लांबी म्हणजे १५० भागिले मेगाहर्ट्झ. पण खरी तार टोकाला एकदम संपते आणि तिला जाडीही असते. त्यामुळे ती विजेला मापापेक्षा किंचित लांब भासते. म्हणून सुमारे पाच टक्के कमी धरून १५० ऐवजी १४३ घेतात.

७.१ मेगाहर्ट्झसाठी १४३ भागिले ७.१ म्हणजे २०.१४ मीटर. प्रत्येक बाजू १०.०७ मीटर. मुलांच्या "एवढीच का?" या प्रश्नाचं उत्तर हेच.

माझी पहिली तार मी मापाबरहुकूम १०.०७ वर कापली आणि फसलो. इन्सुलेटरभोवती पीळ देऊन बांधण्यातच प्रत्येक टोकाची वीतभर तार गेली आणि अँटेना आखूड झाली. आता मी प्रत्येक बाजू ११ मीटर ठेवतो, टांगतो, मोजतो आणि मग बोट-बोटभर कमी करत नेतो. कापलेली तार वाढवता येत नाही, हे शिंप्याला सांगावं लागत नाही. मला मात्र वीस मीटर तार वाया घालवून शिकावं लागलं.

तार कोणती घ्यायची? निफाड-दिंडोरीकडचे मित्र द्राक्षबागेच्या मांडवाची उरलेली तार घेऊन येतात. ती चालते, पण ताठ असते आणि जस्त उडालं की गंजते. घरच्या वायरिंगची दीड एमएमची तांब्याची वायर उत्तम. प्लास्टिकचं आवरण काढायचीही गरज नाही. लाट आवरणातून आरपार जाते.

४. डोंगरांच्या आडून

तार टांगायची कशी? दोन्ही टोकांना उंच खांब मिळाले तर सरळ आडवी. शहरात ते जमत नाही, म्हणून मध्य उंच आणि दोन्ही टोकं उतरती, म्हणजे उलट्या व्ही अक्षरासारखी. एकच पाइप पुरतो.

नाशिक डोंगरांच्या कुशीत आहे. इकडे पांडवलेणी, तिकडे चामर लेणी, पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, उत्तरेला सप्तशृंगीची रांग. लाट सरळ जाते म्हणतात, मग ती हे डोंगर ओलांडून कोल्हापूरला कशी पोचते? तर वर जाऊन. आपल्या डोक्यावर साधारण ३०० किलोमीटरवर सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेला विरळ हवेचा थर आहे, आयनमंडल. ७ मेगाहर्ट्झची लाट त्यावरून परत वळते. बागेतल्या नळीचं तोंड आभाळाकडे केलं की पाणी वर जाऊन चारी बाजूंना सरीसारखं पडतं, तसंच. आठ-दहा मीटरवर टांगलेली ४० मीटरची डायपोल आपली बरीचशी ताकद वरच फेकते, आणि ती सर सोलापूर, कोल्हापूर, नागपूरवर उतरते. डोंगर मधे येतच नाही. लोकांना वाटतं अँटेना शक्य तितकी उंच हवी. शेजारच्या जिल्ह्यांशी बोलायचं तर तीन मजल्यांची उंची पुरते.

रात्री तो थर विरळ होतो. जवळच्या गावाकडे उभी गेलेली लाट त्याला भेदून निघून जाते. तिरपी गेलेली मात्र वळते आणि दूर उतरते. म्हणून सकाळी कोल्हापूर स्पष्ट आणि रात्री कोल्हापूर गायब, पण परदेशी आवाज घुमू लागतात. नव्या माणसाला वाटतं संच बिघडला.

दूरच्या आवाजांवरून पतंगाची गोष्ट आठवली. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने अटलांटिक पलीकडून आलेले 'एस' अक्षराचे तीन टिंब ऐकले असं त्याने जाहीर केलं, तेव्हा त्याची ऐकण्याची तार पतंगानेच वर धरलेली होती. येवल्यात आसारीवर मांजा गुंडाळणाऱ्या पोरांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. पण लगेच दुसरी गोष्टही सांगावी लागते. पतंग असो की अँटेना, महावितरणच्या तारांपासून इतकं लांब राहायचं, की आपली तार तुटून कशीही पडली तरी तिथवर पोचता कामा नये. अँटेनाची टोकं हाताला लागतील इतकी खाली आणू नयेत; बोलताना टोकाशी विजेचा दाब सर्वात जास्त असतो आणि हात भाजतो. मे महिन्यात वळवाचे ढग दिसले, की मी केबल संचातून काढून घराबाहेर ठेवतो. वीज कडाडायची वाट बघत नाही.

५. छत्रीच्या काड्या

शहरातल्या शहरात बोलायला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, लाट सुमारे २ मीटरची. इथे उभी पाव लाट वापरतात. ७१.५ भागिले १४५ म्हणजे ४९ सेंटिमीटर. मोडक्या छत्रीच्या काड्या जवळपास याच मापाच्या असतात. एक काडी वर, चार काड्या खाली तिरप्या, मधे केबल. माझी तशी अँटेना दोन पावसाळे टिकली. मात्र समोरच्याचीही तार उभीच हवी. एकाची उभी आणि एकाची आडवी असली की ताकदीचा जेमतेम शंभरावा भाग हाती लागतो.

ही लाट आयनमंडलातून वळत नाही, त्यामुळे क्षितिजापर्यंतच पोचते. उंचीचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा, किलोमीटर मिळतात. १६ मीटर उंच गच्चीचं वर्गमूळ ४, म्हणजे साधारण १६ किलोमीटर. दोघांच्याही गच्च्या तशाच असतील तर ३३. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावरून कोकणाच्या बाजूचा हिशेब करून बघा. वर्गमूळ ४०.६, म्हणजे १६६ किलोमीटर. इगतपुरीकडच्या डोंगरांवर हातात मावणारा संच घेऊन चढणारे हॅम कशासाठी घाम गाळतात, ते या एका गुणाकारात आहे.

६. परत येणारी ताकद

केबलबद्दल थोडंसं. बागेतल्या जाड नळीला बारीक नळी जोडली की सांध्याशी पाणी अडतं. केबल आणि अँटेना यांचंही माप जुळावं लागतं. ते ओहममध्ये मोजतात. संच आणि त्याची केबल ५० ओहमची असते. मोकळ्या जागेतली डायपोल ७३ ओहमची. तिची टोकं खाली उतरवली की हे माप घटून ५० च्या जवळ येतं, म्हणजे उलट्या व्हीचा हा आणखी एक फायदा.

माप किती जुळलं ते एसडब्ल्यूआर नावाचा आकडा सांगतो. १ म्हणजे तंतोतंत. २ असेल तर ११ टक्के ताकद सांध्यावरून परत फिरते, ३ असेल तर २५ टक्के. दीडपर्यंत आला की थांबावं. १.१ च्या मागे लागून आठवडाभर गच्चीवर राहणारे मी पाहिलेत. त्या आठवड्यात ते कुणाशीही बोललेले नसतात.

७. बोलायच्या आधी

तार झाली. आता बटण दाबायचं? नाही. आधी ऐकायचं. निदान दोन-तीन मिनिटं. तुम्हाला शांत वाटणाऱ्या जागी दोन माणसं बोलत असू शकतात, ज्यातल्या एकाचाच आवाज तुमच्यापर्यंत पोचतो आणि तो सध्या दुसऱ्याचं ऐकत असतो. म्हणून शांत वाटलं तरी विचारायचं, ही जागा कुणी वापरतंय का? उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचं. त्यानंतर हाक द्यायची: सीक्यू, सीक्यू, सीक्यू. म्हणजे, जो कुणी ऐकत असेल त्याला. हाकेला उत्तर देताना आधी समोरच्याची कॉल साइन, मग आपली. दारात उभं राहून आधी घरच्यांचं नाव घ्यावं आणि मग आपण कोण ते सांगावं, तसंच.

खरखरीत बी, डी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात. आपण लहानपणी 'क कमळाचा, ब बदकाचा' म्हणायचो, तशीच जगभरच्या हॅमची एक बाराखडी आहे: आल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. राजीव गांधी हॅम होते. त्यांची कॉल साइन हवेत उच्चारायची तर व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमियो गोल्फ.

ओळख झाली की पहिली देवाणघेवाण असते ती आवाज कसा येतोय याची. गोदावरीला पूर आला की नाशिककर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, एवढं म्हटलं की साऱ्या गावाला पुराचा अंदाज येतो. हॅमची मोजपट्टी अशीच ठरलेली आहे. शब्द किती कळतात ते १ ते ५, आवाज किती जोरात येतो ते १ ते ९. 'फाइव्ह नाइन' म्हणजे लख्ख. दुसऱ्या आकड्याची एक पायरी चढायला ताकद चौपट करावी लागते. २५ वॉटचा संच बदलून १०० वॉटचा घेतला, तर तिकडे काटा एकच पायरी वर सरकतो. म्हणून नव्या मुलांना मी कळकळीने सांगतो, महागडा संच घेऊ नका, आधी तार नीट करा. आणि खोटं 'फाइव्ह नाइन' देऊ नका. तुमच्या खऱ्या आकड्यावर तो माणूस आपली अँटेना सुधारणार असतो.

मग नाव, गाव, तार कसली, हवा कशी. राजकारण आणि धर्म नाही. निरोप घेताना 'सेव्हंटी थ्री', म्हणजे शुभेच्छा. तारायंत्रावर बोटं चालवणाऱ्यांच्या काळापासून चालत आलेला हा आकडा डायपोलच्या ओहमशी जुळावा, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

प्रत्येक गाठभेट वहीत उतरवायची आणि वेळ लिहायची जागतिक, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. रात्री ८ असतील तर १४:३०. पहाटे ५ ला बोललात तर २३:३०, आणि तारीख आदल्या दिवशीची. ही तारीख मी वर्षभर चुकवत होतो आणि तिकडच्या माणसांना आपल्या वहीत माझं नाव सापडत नव्हतं.

पहिल्या भेटीची खूण म्हणून पोस्टकार्डासारखं क्यूएसएल कार्ड पाठवतात. त्यावर कॉल साइन, तारीख, वेळ आणि आवाजाचा तो आकडा असतो. आता बरंच काम संगणकावर होतं, पण मी कार्डच पाठवतो. देशाची टपाल तिकिटं १९२० च्या दशकापासून नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात. आपल्या गावात छापलेलं तिकीट लावून आपल्या गच्चीवरच्या बोलण्याची खूण परदेशी जाते, याचा आनंद मला अजून होतो.

आता शेवटचा आणि सर्वात महत्त्वाचा रिवाज. समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच बटण दाबायचं नाही. श्वासभर थांबायचं. त्या फटीत तिसऱ्या कुणालातरी मदतीची हाक मारता यावी म्हणून. तशी हाक आली की सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि जागा मोकळी करायची.

डिसेंबर २००४ मध्ये हॅम असलेल्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात होत्या. तिथे वर्षानुवर्षं हॅम केंद्र चाललेलं नव्हतं, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी क्षणभर का होईना बोलायला झुंबड करत होते. २६ डिसेंबरला पोर्ट ब्लेअर हादरलं आणि मागोमाग त्सुनामी आली. फोन बंद पडले. भारतीताईंनी हौसेचं बोलणं थांबवलं आणि त्याच संचावरून, त्याच तारेवरून बेटांची खबर मुख्य भूमीला देऊ लागल्या. माणसं सुखरूप असल्याचे निरोप त्यांच्या संचावरून घरोघर पोचले. आदल्या दिवसापर्यंत त्यांना हाका मारणारे जगभरचे आवाज आता ती जागा मोकळी ठेवत होते.

८. परीक्षेआधीचा अभ्यास

परवाना हाती येईपर्यंत काय करावं? गच्ची टेपने मोजा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजलं की वीस मीटर पुष्कळदा बसतात. इंटरनेटवर लोकांनी ऐकण्यासाठी खुले ठेवलेले संच आहेत, त्यांवर सकाळी ७.१ च्या आसपास ऐका. आवाज बदकासारखा आला तर एलएसबी नावाचं बटण निवडा आणि काटा अगदी हळू सरकवा. बदकाचा एकदम माणूस होतो.

आणि बाराखडीसाठी आमच्या गच्चीवरच्या मुलांनी एक खेळ काढलाय. कठड्याशी उभं राहून खालून जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या. माइक हॉटेल वन फाइव्ह म्हणजे आपलं नाशिक, माइक हॉटेल फोर वन म्हणजे मालेगाव. पुढची अक्षरं गाडी वळणाआड जायच्या आत सांगायची. एकाने वाचायचं, दुसऱ्याने कठड्याकडे पाठ करून वहीत लिहायचं. मग पाटी आणि वही ताडून बघायची, आणि अदलाबदल.